गोड गोष्टीची किंमत

ज्या गोष्टीनें मनाला धीर येतो ती खरीच असली पाहिजे, असें आपणांस सहज वाटतें. या समजुतीनें काय अनर्थ होतो, हें सर जॉन फ्रँकलिन यांच्या मोहिमेवरून दिसून येतें.

सन १८४५ मध्यें ‘एरेबस’ व ‘टेरर’ हीं दोन जहाजें घेऊन फ्रँकलिनसाहेब उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून पॅसिफिक महासागराकडे जाणारा जलमार्ग शोधावयास इंग्लंडाहून निघाले. मोहिमेंतील १२९ माणसांपैकीं एकही परत आला नाहीं. १८५४ सालीं डॉ. जॉन रे यांस त्या हिमप्रदेशांतील इन्यूइट लोकांकडून हकीकत कळली. गोरे लोक उपासमारीनें मेले, आणि अखेरीस कित्येकांनीं मृत सोबत्यांचें मांस खाल्लें. पुरावा म्हणून रे यांनीं मोहिमेंतील अधिकाऱ्यांचे चांदीचे कांटे-चमचेही आणले.

इंग्लंडांत संताप उसळला. चार्लस डिकन्ससारख्या सहृदय लेखकानेंही आपल्या साप्ताहिकांत लिहिलें कीं, असे शिस्तीचे वीर हें कृत्य करणें संभवत नाहीं. कदाचित् त्या रानटी लोकांनींच त्यांचा घात केला असेल! या लिखाणानें अनेक शोकाकुल घरांस धीर आला असेल. परंतु त्याची किंमत निरपराध इन्यूइट लोकांनीं दिली.

पुढें काळानेंच निकाल दिला. त्या किनाऱ्यावर सांपडलेल्या हाडांवर सुरीच्या खुणा असल्याचें १९९७ मध्यें प्रसिद्ध झालें. २०१४ मध्यें ‘एरेबस’ समुद्रतळाशीं सांपडलें, तेंही इन्यूइट लोकांच्या परंपरागत सांगण्यास अनुसरून शोध घेतल्यावरच.

दुःखितांस कठोर सत्य कशाला सांगावें, असा कोणी आक्षेप घेईल. सत्य सौम्य शब्दांत सांगावें, योग्य वेळीं सांगावें, हें मान्य. पण त्याच्या जागीं दुसरें कांहीं ठेवूं नये. शिवाय, या सत्यानें त्या खलाशांची अप्रतिष्ठा होते असें तरी कां मानावें? भरल्या पोटीं त्यांचा न्याय करणारे आपण कोण?

आपल्या घरींही अशा गोष्टी रचल्या जातात. मुलगा नापास झाला कीं, “मास्तरांचा डूख आहे,” किंवा “सोबत्यांनीं बिघडविला,” असें आपण म्हणतों. आईबापांचें समाधान होतें, दोष मात्र दुसऱ्याच्या माथीं जातो, आणि मुलाचा अभ्यास आहे तेथेंच राहतो.

तरी विद्यार्थिमित्रहो, एखादी गोष्ट फार गोड वाटूं लागली म्हणजे इतकेंच विचारा: ही खरी ठरावी म्हणून कोणास खोटें ठरवावें लागत आहे?