होळीत पऱ्हाटी चालेल, फवारणीचा पंप नको

फाल्गुन लागला की गावोगावी पोट्ट्यांची लगबग सुरू होते. लहान पोरी शेणाच्या चाकोल्या थापून वाळत घालतात, दुकानात साखरेच्या गाठ्या लटकतात आणि मोठी पोरं कोणाच्या कोठ्यामागं किती लाकूड पडलं आहे याचा अंदाज घेत रात्रीची फिरतात. होळीसाठी लाकूड चोरणे हा आपल्याकडे गुन्हा समजत नाहीत. ज्याचं गेलं तो दोन शिव्या देतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोरांच्या हातून रंग लावून घेतो. नाशिककडे रंग पंचमीला खेळतात, आपल्या नागपूरकडे तो धुळवडीलाच उडतो. त्यामुळे भांडण मिटायला फार वेळ लागत नाही.

परंतु या चोरीत आता काय काय जातं ते बघा. काटोल, नरखेड, कळमेश्वर भागात संत्र्याच्या झाडाला दिलेले बांबूचे टेके जातात. मृग बहाराची फळं झाडावर असतील आणि टेका निघाला, तर फांदी फळांसकट खाली येते. ठिबकच्या जुन्या नळ्या आणि टायर तर मालक स्वतःच आणून टाकतो. त्याचा काळा धूर होळीला फेरे मारणाऱ्या बायांच्या आणि कडेवरच्या लेकरांच्या नाकात जातो. कुठं धुऱ्यावरचं हिरवं झाडच आडवं होतं. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडं परवानगीशिवाय तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने बंदी आहे, हे सरपंच आणि पोलीस पाटलांनी होळीच्या आधी सांगावं. झाड पडल्यावर सांगून काय उपयोग?

मग जाळायचं काय? तुमच्या धुऱ्यावर पऱ्हाटीची गंजी उभी आहे, ती जाळा. पूर्वी पऱ्हाटी चुलीत जायची आणि पावसाळ्याच्या आत गंजी संपायची. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गावात सिलिंडर आले, बायांच्या डोळ्यातला धूर कमी झाला, हे चांगलंच झालं. (सिलिंडर महागला की चूल परत पेटते, तो भाग वेगळा.) पण गंजी धुऱ्यावरच राहू लागली. तिच्यात न फुटलेली, किडकी बोंडं असतात. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन तुमच्याच नव्या कपाशीवर येते. २००६ साली आलेलं बीजी-२ बियाणं या अळीला पुढं रोखू शकलं नाही. २०१७ च्या हंगामात काय झालं ते तुम्ही भोगलं आहे, मी नव्यानं सांगायला नको.

पाच-सात बंड्या पऱ्हाटीनं बोंडअळी जाणार नाही, हे मलाही कळते. खरं म्हणजे फरदड न घेता डिसेंबर-जानेवारीतच पीक उपटायला पाहिजे आणि पऱ्हाटी श्रेडरनं बारीक करून तिचं खत करायला पाहिजे. ज्यांनी ते केलं त्यांच्याकडे होळीला द्यायला काही उरणार नाही, उत्तमच आहे. बाकीच्यांनी किडक्या बोंडांची पऱ्हाटी आधी होळीत द्यावी. होळीच्या नावानं उभं वावर मात्र पेटवू नका. त्यात धसकटासोबत मातीतला जीवही जळतो.

आता धुळवडीचं सांगतो, आणि मला जास्त काळजी याचीच वाटते. फवारणीचा पाठीवरचा पंप रंगानं भरून पोरं गल्लीत फिरतात. मागे एका गावात असा पंप मी स्वतः पोरांच्या हातून काढून घेतला. पोराचा बाप म्हणाला, "साहेब, दोनदा धुतला ना." तणनाशकाचा धुतलेला पंप कपाशीवर वापरला, तर काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. २,४-डी चा नुसता अंश राहिला तरी कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी होतात. वायसर, नळी आणि नोझलमध्ये राहिलेलं औषध पाण्यानं पूर्ण निघत नाही. पानाचं असं होते, तर लेकराच्या डोळ्याचं, तोंडाचं काय? २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. तोच पंप सणाच्या दिवशी शेजाऱ्याच्या तोंडावर धरायचा नाही. औषधाच्या रिकाम्या बाटल्या-डब्यात रंग कालवायचा नाही, आणि हात कितीही रंगले असले तरी जेवायच्या आधी साबण लागलाच पाहिजे.

रंग पाहिजे तर रामटेक, पारशिवनीकडे याच दिवसांत पळस फुललेला असतो. खाली पडलेली फुलं वेचायची, झाडाला फांद्या ठेवायच्या. रात्री गरम पाण्यात भिजत घातली की सकाळी केशरी पिवळा रंग तयार होतो. बादलीभर पाणी पुरते, मार्चमध्ये विहिरीची पातळी पाहता तेवढंच परवडते.

एक गोष्ट गावकऱ्यांनी होळी रचण्याआधीच ठरवावी, ती म्हणजे जागा. या दिवसांत गहू कापणीवर असतो, हरभऱ्याचं कुटार खळ्यावर पडलेलं असते आणि दुपारनंतर वारा सुटतो. विजेच्या तारेखाली, कुटाराच्या ढिगाजवळ किंवा कोठ्याला लागून होळी रचू नये. जवळ पाण्याचे दोन ड्रम भरून ठेवावेत, आणि रात्री घरी जाताना निखाऱ्यावर कोण थांबणार त्याचं नाव आधीच पक्कं करावं.