पंपाची नोंदवही

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत निर्वात पंप नावाचे एक गरीब यंत्र असते. त्याच्या अंगावर तेलाची पातळी दाखविणारी काचेची लहानशी खिडकी असते. तेल खाली गेले, किंवा हवेतील बाष्प मिसळून दुधाळ झाले, की ते बदलावयाचे. एवढीच त्याची मागणी. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील असाच पंप एका दुपारी कर्रकन आवाज करून थांबला. उघडून पाहतो तो आतील पाती पार घासून गेलेली. "सर, खिडकी तर मी रोज पुसत होतो," आमचे मामा म्हणाले. (प्रयोगशाळेच्या परिचरांना आम्ही मामाच म्हणतो.) खिडकी पुसली जात होती खरी, तिच्यातून आत मात्र कोणीच पाहत नव्हते. मीही नाही.

त्या दिवसापासून पंपाशेजारी दोरीने बांधलेली नोंदवही आली. तारीख, तेलाची पातळी, रंग, आवाज, सही.

त्याच वर्षी, वयाच्या ४२ व्या वर्षी, मी सहज म्हणून रक्तदाब मोजून घेतला. तो १६०/१०० निघाला. डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती. पुन्हा दोनतीनदा वेगवेगळ्या दिवशी मोजला, तरी आकडा हलेना. वाढलेल्या रक्तदाबाला बहुधा लक्षणे नसतातच. तक्रार नाही म्हणजे बिघाड नाही, अशी समजूत मी पंपाबद्दल आणि स्वतःबद्दल एकदमच करून घेतली होती.

येथवर उपमा चालते. पण 'शरीर हे एक यंत्र आहे' हे वाक्य निबंधात लिहून पुढे जाणाऱ्यांशी माझे भांडण आहे. यंत्र वापराने झिजते. शरीर न वापरल्याने. हाडाचेच पाहा. हाडात जिवंत पेशी असतात आणि पडणाऱ्या भारानुसार त्या हाडाची बांधणी बदलत राहतात, हे जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. अंतराळस्थानकात शरीराचे वजन जाणवत नाही, म्हणून पुरेसा व्यायाम न केल्यास खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्क्याने घटते. अंतराळवीर रोज जवळजवळ दोन तास व्यायाम करतात तो हौसेने नव्हे! कपाटात ठेवलेला व्हर्नियर वीस वर्षांनीही तसाच सापडतो. पलंगावर ठेवलेला माणूस तसा राहत नाही. दातांचे वरचे कठीण कवच मात्र खरोखर यंत्राच्या भागासारखे आहे. ते घडविणाऱ्या पेशी दात वर येताच नाहीशा होतात. किडीने पोखरलेला भाग परत भरून येत नाही.

दुसरा गैरसमज असा, की ठराविक मुदतीने सारे यंत्र खोलले की देखभाल झाली. अमेरिकेतील एका विमान कंपनीच्या नॉलन व हीप या दोन तज्ज्ञांनी १९७८ च्या अहवालात वेगळेच दाखविले. विमानाच्या ज्या भागांचा त्यांनी अभ्यास केला, त्यांपैकी सुमारे ८९ टक्के भागांना मुदतीने बदलण्याचा काही उपयोग नव्हता. उलट चांगला भाग उघडल्याने नवे दोष शिरत. माणसांबाबतही, काही तक्रार नसलेल्या प्रौढांच्या सरसकट तपासण्यांनी एकूण मृत्यू घटत नाहीत, असे २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात आढळले. म्हणून भिंतीवरील 'संपूर्ण शरीर तपासणी'च्या जाहिरातींपेक्षा अर्थ ठाऊक असलेली चारदोन मापे मला अधिक मोलाची वाटतात. शिक्षकांनी वर्षातून एकदा प्रत्येकाला शेवटच्या बाकावरून फळा वाचावयास लावला, तरी कित्येकांचे अडलेले गणित सुटेल.

आणि तुमच्या नोंदवहीत पहिला रकाना झोपेचा ठेवा. तुमच्या वयाला ८ ते १० तास लागतात. दिवसा वाचलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतही करीत असतो, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण हा साधा हिशेबाचाच घोटाळा आहे.

डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि सकाळचे चालणे यांनंतर माझ्या वहीत काल १३२/८४ ची नोंद झाली. पंपाचे तेल मात्र परवा पुन्हा दुधाळ दिसले. मामांनी ते लाल शाईने लिहून ठेवले आहे.