वृद्धांस कोंडणारे शहाणपण

सावधगिरी हा सद्गुण आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु तिचा सारा भार, तो वाहण्याची शक्ती ज्यांच्या अंगी सर्वांत कमी उरली आहे त्यांच्याच खांद्यावर टाकावयाचा आणि बाकीच्यांनी हात झटकून मोकळे व्हावयाचे, याला सावधगिरी म्हणावयास आम्ही तयार नाही. आज आपल्या समाजात वृद्धांच्या सुरक्षिततेच्या नावाखाली जो उपदेश चालतो तो बहुतांशी या जातीचा आहे. पहाटे काकड आरतीस जाऊ नका. गळ्यातले काढून बेन्टेक्सचे घाला. कीर्तन संपेपर्यंत थांबू नका. अनोळखी माणसास दार उघडू नका. कोणाशी बोलू नका. पुण्याहून, बंगळुरूहून, न्यू जर्सीहून मुलगा दूरध्वनीवर हे सांगतो आणि आपले कर्तव्य बजावले म्हणून निर्धास्त झोपतो. आईवडील तो उपदेश पाळतात. मंदिर सुटते, शेजार सुटतो, दिंडीदरवाजाला दोन कड्या लागतात. आणि मग त्या बंद घरात टेलिफोन वाजतो.

भोपाळ स्थानकाच्या पूर्वेस अशोका गार्डन ही दाट वस्ती आहे. अशा वस्त्यांत नोकरीनिमित्त आलेली मराठी-कोकणी कुटुंबे निवृत्तीनंतर तेथेच राहिली. मुले शिकून बाहेर पडली आणि दोन खोल्यांत दोन म्हातारी माणसे उरली. हे चित्र एकट्या अशोका गार्डनचे नव्हे; कारवारपासून डोंबिवलीपर्यंत कोणत्याही वाचकास ते ओळखीचे वाटेल. प्रश्न असा की या माणसांस लुबाडणारा येतो तो कोणत्या वेषाने?

चोर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर अंधारातला, तोंड बांधलेला मनुष्य उभा राहतो. गळ्यातली साखळी हिसकावून पळणारे आहेतच; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने तर 'हिसकावणे' हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हाच केला असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण वृद्धांचा खरा घातकी शत्रू निराळा. तो दिवसाढवळ्या येतो, अदबीने बोलतो, आणि सरकारचा माणूस म्हणून येतो. महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात वर्षानुवर्षे चालत आलेली एक युक्ती पाहा. मंदिरातून परतणाऱ्या आजींस दोघे जण अडवितात. "माताजी, आम्ही पोलीस. पुढे खून झाला आहे, झडती चालू आहे. अंगावरचे दागिने काढून या कागदात बांधा." त्या बिचाऱ्या बांधतात; तो साळसूदपणे पुडी बांधण्यास हातभार लावतो. घरी येऊन पुडी सोडावी तो आत खडे. येथे सुरी नाही, धक्काबुक्की नाही. आजी लुबाडल्या गेल्या त्या लोभापायी नव्हे, मूर्खपणापायी तर नव्हेच. जन्मभर कायद्याचा मान राखला, पोलिसाचे ऐकले, एवढाच त्यांचा अपराध!

हीच युक्ती आता दूरध्वनीच्या पडद्यावर आली आहे. 'डिजिटल अरेस्ट' असे तिचे भारदस्त नाव. तुमच्या आधार क्रमांकावर गैरव्यवहाराचे खाते निघाले आहे, तुम्ही अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, आणि मुख्य म्हणजे कोणास एक अक्षर सांगू नका, असा हुकूम सुटतो. समोर गणवेष, पाठीमागे बोधचिन्ह, हातात मोहोर उमटविलेला कागद. नोव्हेंबर २०२४ मध्ये भोपाळच्याच अरेरा कॉलनीत एका व्यावसायिकास असे सुमारे सहा तास खोलीत बसवून ठेवले होते. पोलिसांस खबर पोहोचली, ते प्रत्यक्ष घरी गेले, पडद्यावरच्या 'अधिकाऱ्यां'कडे त्यांनी ओळखपत्र मागितले, आणि क्षणार्धात पडदा रिकामा झाला! तो गृहस्थ वृद्ध नव्हता, व्यवहारात मुरलेला होता. त्याचा पैसा वाचला तो केवळ दुसरा मनुष्य खोलीत आला म्हणून. अंबाल्याच्या वृद्ध दांपत्याच्या खोलीत कोणी आले नाही. सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून त्यांच्याकडून एक कोटीहून अधिक रुपये उकळण्यात आले. त्यांच्या तक्रारीवरून ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये अशा प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला.

तेव्हा वृद्धांस शिकवावयाचे ते भिणे नव्हे. भिण्याचेच तर भांडवल करून हे लोक जगतात! त्यांस त्यांचे अधिकार सांगितले पाहिजेत. दूरध्वनीवरून अटक होत नाही. तशी तरतूदच कायद्यात नाही, आणि २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरून हे स्पष्ट सांगितले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ प्रमाणे, तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठी उलटलेल्या माणसास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून अटक करता येत नाही. कलम १७९ प्रमाणे साठ वर्षांवरील पुरुषास आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीस साक्षीच्या चौकशीसाठी राहत्या घराबाहेर बोलावण्याची सक्ती करता येत नाही. विचारावयाचे असेल तर पोलिसाने दारी यावे! ज्या आजोबांस ही दोन कलमे ठाऊक आहेत ते "साहेब, ठाण्याचे नाव सांगा, मी शेजाऱ्याला घेऊन चौकशी करतो" असे म्हणू शकतील. आमच्या मते दाराच्या तिसऱ्या कडीपेक्षा हे वाक्य अधिक उपयोगाचे आहे.

आता आपल्या स्वतःच्या वागणुकीविषयी चार कठोर शब्द. कोणी फसला की मंडपात, पंक्तीत, लग्नघरात काय कुजबुज होते? "एवढा शिकलेला माणूस, बँकेत अधिकारी होता म्हणे, आणि असा कसा फसला!" ज्याने ही कुजबुज एकदा ऐकली तो स्वतःवर प्रसंग आल्यास तोंड उघडील काय? लुटारूने घातलेली गुप्ततेची शपथ आपली थट्टाच पुरी करते. फसलेल्या पैशाची गोष्ट तर घटकांची आहे. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळविले तर रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात असताना बँकांस ती वाटेत अडविता येते. कोणी ती रोख काढून नेली की हाती काही लागत नाही. लाजेपायी आठ दिवस गप्प राहिलेल्या वृद्धाचा पैसा लुटारूने नेला हे खरे, पण त्यास पळावयास वेळ कोणी दिला? सूनबाईंच्या "तुम्हाला सांगितलं होतं ना" या उद्गाराने दिला, आपल्या हसण्याने दिला.

काही विचारवंत म्हणतील की हे काम पोलिसांचे आहे, देवस्थानाने देवकार्य करावे. पोलिसांचे काम आहेच, आणि ते त्यांच्याकडून करून घेण्यात आपण किती आळशी आहोत तेही पाहू. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालचा. मुलांकडून पोटगी मिळविण्याचा कायदा म्हणून तो सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याखाली केंद्राने राज्यांसाठी जे नमुना नियम केले, त्यांत प्रत्येक ठाण्याने आपल्या हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्याने राहणाऱ्यांची, अद्ययावत यादी ठेवावी असे म्हटले आहे. ठाण्याच्या प्रतिनिधीने, शक्यतो समाजसेवक वा स्वयंसेवक बरोबर घेऊन, महिन्यातून निदान एकदा त्यांच्या घरी जावे. प्रत्येक ठाण्यासाठी स्वयंसेवकांची समिती असावी. ज्येष्ठांविरुद्धच्या गुन्ह्यांची वही ठेवावी. नियम उत्तम आहेत. आपल्या राज्याने त्यांतले किती उचलले आणि आपल्या ठाण्याने किती पाळले, हे विचारावयास आपल्यापैकी किती जण गेले? अशोका गार्डनला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. तेथील वृद्धांची यादी कोठे आहे, तीत आपली किती नावे आहेत, हा प्रश्न करण्यास वकील लागत नाही.

आणि स्वयंसेवक कोठून आणावयाचे? आमच्या देवस्थानांच्या वह्या पाहाव्यात. कोणाची वर्गणी थकली, अभिषेक कोणत्या तिथीस, पालखीचा मान कोणाचा, समाराधनेस किती पाने उठली, याची नोंद पै न चुकता मिळेल. पण आपल्या यजमानांपैकी एकटे कोण राहतात, त्यांचे जवळचे माणूस कोण, ही नोंद एकाही वहीत सापडावयाची नाही. सोन्याचा कळस चढविण्यास निधी जमतो. त्या कळसाचे दर्शन घेण्यास पंचवीस वर्षे नित्य येणारी बाई तीन दिवस आली नाही, तर चौकशीस जाणारा एक मनुष्य जमत नाही. पुजाऱ्यांस विचारले तर ते म्हणतात, "हो, दिसल्या नाहीत खऱ्या."

कुलुपे नकोत, दाराला साखळी नको, असे आमचे म्हणणे नाही. ती असावीतच, नव्या गड्याची वा मोलकरणीची पोलिसांत नोंद करावी हेही योग्यच. पण काकड आरतीस आजींनी एकटे जाऊ नये असे ज्यास वाटते त्याने स्वतः पहाटे उठून त्यांच्याबरोबर जावे. आमच्या वस्तीत तरुणांची वाण नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ते दिसतात. चौघा-पाचांनी गल्ल्या वाटून घेतल्या आणि पहाटे वाटेवरच्या दारी "निघालात का, काकी?" अशी हाक घातली, तर पुडी बांधणाऱ्या तोतया पोलिसास ती गल्ली सोडावी लागेल. तीच हाक संध्याकाळी घातली, तर सकाळपासून कॅमेऱ्यासमोर बसविलेल्या आजोबांच्या खोलीत दुसरा मनुष्य आलेला असेल.

देवस्थानांच्या वार्षिक सभा होतच असतात. जमाखर्चाचे वाचन झाल्यावर एकट्या राहणाऱ्यांची नावे आणि प्रत्येकापुढे जबाबदार शेजाऱ्याचे नाव वाचून दाखवावे, आणि यादीची एक प्रत दुसऱ्या दिवशी दोघा विश्वस्तांनी ठाण्यात नेऊन पोच घ्यावी, अशी आमची सूचना आहे. यास ठराव लागत असेल तर अनुमोदक आम्ही आहोत.