देवाची करणी की माणसाची हयगय?

सुरतेच्या उत्तरेस, तापी ओलांडून गेल्यावर, पश्चिम रेल्वेच्या मार्गावर कोसाड नावाचे एक लहानसे स्थानक लागते. एके काळचे हे खेडे आता सुरत महानगराने आपल्या पोटात घेतले असून महापालिकेने बांधलेल्या आवासांच्या चाळवजा इमारती तेथे दूरवर पसरल्या आहेत. पोटापाण्यासाठी सुरतेत आलेल्या खानदेशी कुटुंबांपैकी काहींनी येथेही बिऱ्हाडे केली आहेत. अशाच एका स्नेह्याच्या घरी आखाजीच्या आदल्या दिवशी मुक्काम करण्याचा योग आम्हांस आला. अक्षय्य तृतीयेस खानदेशात आखाजी म्हणतात. लेकीबाळी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि सुरतेतील खानदेशी माणसाला त्या दिवशी घर खायला उठते. आमच्या स्नेह्याने नुकतीच एक जुनी मोटार घेतली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे म्हातारी आई, पत्नी आणि दोन मुले यांना घेऊन व्यारा, सोनगड, नवापूर असा मार्ग धरायचा, कोंडाईबारीचा घाट चढायचा आणि साक्री-धुळ्यावरून जळगाव जिल्ह्यातील आपले गाव गाठायचे, असा त्याचा बेत होता. प्रवास अडीचशे किलोमीटरांहून अधिक, आणि दिवस वैशाखातले.

संध्याकाळी त्याच्या मोटारीत बसून आम्ही बाजारात गेलो, तेव्हा चालकासमोरच्या फलकावर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला आमच्या दृष्टीस पडला. हे काय, असे विचारता तो हसून म्हणाला, "काही नाही भाऊ, तिथं एक पिवळा दिवा सारखा लागतो. पंक्चरवाला म्हणाला, उन्हामुळे लागतो, लक्ष देऊ नका. डोळ्यांना त्रास होतो म्हणून झाकून टाकला." पट्टी काढून पाहिली तो नालेच्या आकाराची, मध्ये उद्गारचिन्ह असलेली पिवळी खूण स्थिर जळत होती. टायरमधील हवेचा दाब कमी झाल्याची ती खूण. दुसऱ्या एका दुकानी आग्रहाने मोजणी करविली. तीन चाकांत जवळजवळ ठीक हवा होती. मागच्या डाव्या चाकात, जिथे ३३ पौंड हवी होती तिथे, २१ भरली. टायरच्या खाचेत एक खिळा रुतलेला होता आणि त्याच्या कडेने हवा हळूहळू निघून जात होती. पट्टीखालचा दिवा किती दिवस खरे बोलत होता, देव जाणे!

"उन्हामुळे लागतो" या एका वाक्यात केवढे अज्ञान सामावले आहे ते पाहा. उष्णतेने बंद टायरातील हवेचा दाब वाढतो. तापमान पाच-सहा अंशांनी चढले की साधारण एक पौंड. म्हणजे हवा कमी असल्याचा दिवा उन्हाने लागण्यापेक्षा विझण्याचाच संभव अधिक. भर दुपारच्या उन्हातही जो विझत नाही, त्याची तर दुप्पट काळजी करावयास हवी. परंतु आपल्याकडे उलटाच समज रूढ आहे. उन्हाळ्यात टायर फुटतात, सबब उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, असे मोठमोठे अनुभवी चालकही छातीठोकपणे सांगतात. वस्तुस्थिती अशी की, अंगी मुरलेल्या या शहाणपणानेच पुष्कळ टायर फुटत असले पाहिजेत. हवा कमी असलेला टायर रस्त्यावर बसतो, त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात दबतात आणि पुन्हा ताठ होतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने मोटार धावू लागली की साध्या मोटारीचे चाक मिनिटाला सुमारे ७०० फेरे घेते. मिनिटाला ७०० वेळा तीच जागा वाकते. तार हाताने वारंवार वाकविली असता ती गरम होऊन तुटते, हे लहान मुलासही ठाऊक असते. टायराच्या आत नेमके तेच घडत असते. रबर आणि आतील धाग्यांचे थर आतल्या आत तापून सुटे होतात आणि मग एका क्षणी भिंत फाटते. बाहेरचे ऊन आणि गाडीत कोंबलेले सामान यांची त्यात भर पडते इतकेच.

असा टायर फुटला आणि माणसे गेली, म्हणजे आपण काय म्हणतो? "टायर फुटला, त्याला कोण काय करणार?" देवाची करणी आणि नारळात पाणी! आमच्या किनाऱ्यावर ही म्हण नारळाच्या गोड आश्चर्यासाठी जन्मली असेल. तिचा उपयोग आपण जबाबदारी झटकण्यासाठी करतो. एका विमा कंपनीने तर हेच म्हणणे मुंबई उच्च न्यायालयासमोर मांडले. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईस निघालेल्या एका मोटारीचे मागचे चाक फुटले, गाडी खोल खड्ड्यात कोसळली आणि ३८ वर्षांचा एक कर्ता गृहस्थ प्राणास मुकला. अपघात दावा न्यायाधिकरणाने त्याच्या कुटुंबीयांस सव्वा कोट रुपयांची भरपाई मंजूर केली. त्यावर कंपनी अपिलात गेली आणि टायर फुटणे ही दैवी आपत्ती आहे, त्यास चालकाची हयगय म्हणता येणार नाही, असा तिने युक्तिवाद केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो साफ फेटाळला. ज्यात माणसाचा हात नाही अशा अकल्पित नैसर्गिक घटनेस दैवी आपत्ती म्हणावे. टायर फुटण्याची कारणे अतिवेग, कमी वा जास्त हवा, वापरलेले जुने टायर, तापमान ही असतात. आणि निघण्यापूर्वी टायराची स्थिती पाहणे हे चालकाचे वा मालकाचे कर्तव्य आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. कोर्टाच्या निकालपत्रांतून सामान्य माणसाच्या रोजच्या वागण्याला लागू पडेल असे काही क्वचितच निघते. हा निकाल त्या क्वचितांपैकी असून तो मराठी घरोघर पोचला नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. टायरवर सर्व दोष टाकून माणसाने नामानिराळे होणे हाही एक नित्याचा प्रकार झाला आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे चाललेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून मेले, ते वाचकांच्या स्मरणात असेलच. टायर फुटला, असे चालकाने सांगितले. परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालाने मात्र टायर फुटल्याचा पुरावा जागेवर आढळला नाही, असे नमूद केले. म्हणजे टायर खरोखर फुटतो तेव्हा आपण ती दैवाची लीला समजतो, आणि जेथे फुटल्याचे दिसत नाही तेथेही त्याच्याच नावाने पावती फाडतो. टायराला तोंड नाही, ही त्यातली सोय.

या दिव्याचा इतिहासही उद्बोधक आहे. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीचे टायर बसविलेल्या फोर्डच्या गाड्या उलटत असल्याचे प्रकरण गाजले. २५० हून अधिक मृत्यूंचा संबंध त्या टायरांशी जोडला गेला आणि कंपनीस लाखो टायर परत घ्यावे लागले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अमेरिकी संसदेच्या कायद्यावर स्वाक्षरी झाली आणि त्यातून दाबाचा इशारा देणाऱ्या यंत्रणेची सक्ती तेथील नव्या मोटारींवर टप्प्याटप्प्याने आली. युरोपने २०१४ च्या नोव्हेंबरापासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना, आणि २०२४ च्या जुलैपासून नव्या बस व मालमोटारींनाही ती लागू केली. आपल्याकडे? २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली ती अशी की, ज्या प्रवासी मोटारीत ट्यूबरहित टायर, ही इशारा-यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचा संच असेल, तिला जादा चाक, म्हणजे आपली स्टेपनी, बाळगण्याची सक्ती नाही. अन्यत्र माणसे मेली म्हणून दिवा आला. आपल्या नियमांत तो प्रामुख्याने स्टेपनी काढून टाकण्याची अट म्हणून आला. सर्व मोटारींना तो सरसकट सक्तीचा नाही, आणि पन्नास माणसे घेऊन रात्रभर धावणाऱ्या बसचे तर नावच नको. देशात २०२३ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत टायरांचा वाटा किती, याचा वाद तज्ज्ञांनी खुशाल घालावा; पण इशाऱ्याचे साधन स्वस्त झाले असताना ते मोठ्या वाहनांना का नको, याचे उत्तर दिल्लीने दिले पाहिजे.

तथापि दिवा असला म्हणजे सर्व झाले, असेही नव्हे, आणि येथे मोटारवाल्या वाचकांशी थोडे सविस्तर बोलणे आम्हांस अवश्य वाटते. हा दिवा लागतो तोच मुळी उशिरा. अमेरिकी नियमाप्रमाणे दाब २५ टक्क्यांनी घसरल्यावर तो लागला तरी चालतो. म्हणजे ३३ पौंडांच्या जागी सुमारे २५ उरेपर्यंत तो गप्प राहू शकतो. काही गाड्यांत प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हपाशी बॅटरीवर चालणारे दाबमापक असते. ती बॅटरी पाच ते दहा वर्षांत संपते, आणि टायर बदलताना आडदांड हातांनी ते मापक मोडल्याची उदाहरणे कोणत्याही गॅरेजात ऐकावयास मिळतील. अशा वेळी दिवा सुरुवातीस मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. ते लुकलुकणे यंत्रणाच आजारी असल्याचे चिन्ह होय. दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांत चाकात काहीच नसते; हवा उतरलेले चाक किंचित लहान होऊन अधिक फेरे घेते, त्यावरून गाडीतला संगणक तर्क बांधतो. तर्कच तो! चारही चाकांतील हवा सारखीच उतरली तर तो फसण्याचा संभव असतो, आणि हवा भरल्यावर त्याला नवा आरंभबिंदू दाखवून द्यावा लागतो. ते कसे करावयाचे, हे गाडीबरोबरच्या पुस्तकात असते. ते पुस्तक बहुतेकांच्या गाडीत प्लॅस्टिकच्या वेष्टनासह सुरक्षित असते.

किती हवा भरावी हा आकडा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटविलेला असतो. टायरच्या अंगावर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा. त्याप्रमाणे भरणे ही चूक. पुष्कळ गाड्यांच्या त्या कागदावर थोड्या आणि पूर्ण भारासाठी निरनिराळे आकडे असतात. आमच्या स्नेह्यासारखा माणूस एरवी एकटा कामावर जातो आणि सणाला पाच माणसे, गव्हाचे पोते आणि डब्यांसह निघतो, त्याच्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. पूर्ण भाराला ३६ पौंड हवे असता चाकात २८ च असली तरी कदाचित दिवा लागणारही नाही. मोजावयाचे ते गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर, थंड चाकांत. वाटेत दिवा लागला तर वेग हळूहळू कमी करावा, एकदम ब्रेक दाबू नये, सुरक्षित जागी थांबून चारही चाके डोळ्यांनी पाहावीत. तापलेल्या चाकातील हवा आकडा वाढलेला दिसला म्हणून सोडून देणे, हा तर आत्मघातच. नायट्रोजन भरला की काळजी मिटली, या समजुतीचेही फार कौतुक नको. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

२०२३ साली परिवहन खात्याने समृद्धी महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठविण्याची मोहीम काढली होती. मोटारीच्या टायरवरील खाच १.६ मिलिमीटरांहून कमी उरली तर तो टायर नियमाने बाद ठरतो, याची त्या निमित्ताने अनेकांस प्रथमच वार्ता लागली. अशी तपासणी मोहिमेपुरती न राहता रोजची झाली पाहिजे, आणि तीत खाचेबरोबर हवाही मोजली पाहिजे. पेट्रोल पंपांवर हवा मोफत मिळते खरी. पण तेथील मापक खरा आहे की खोटा, हे पाहणारा कोणी आहे काय? शेराचे माप खोटे निघाले तर दुकानदाराला दंड होतो. सहा पौंडांनी खोटे बोलणाऱ्या मापकाला शिक्षा नाही. चतुर्थीला मुंबईहून किनाऱ्याकडे येणाऱ्या गाड्यांची रांग आपण दरवर्षी पाहतो. भर पावसात, टपावर सामान, आत दाटीवाटीने माणसे. पत्रादेवीच्या नाक्यावर गाडीतल्या बाटल्या मोजल्या जातात. त्याच नाक्यावर दोन माणसे हवेचा मापक घेऊन उभी केली, तर सरकारला किती खर्च येईल?

नवी गाडी आणली की आपण तिच्या चाकाखाली लिंबू ठेवतो, दसऱ्याला झेंडूची माळ घालतो. ते अवश्य करावे. श्रद्धेची टिंगल करण्याचा आमचा स्वभाव नाही. परंतु ज्या हातांनी चाकाला हळदकुंकू वाहिले, त्याच हातांनी महिन्यातून एकदा त्या चाकाच्या व्हॉल्व्हला मापक लावण्यास कोणत्या शास्त्राची हरकत आहे?

कोसाडच्या त्या स्नेह्याने खिळा काढवून पंक्चर करून घेतले, चारही चाकांत पूर्ण भाराची हवा भरली आणि पहाटे साडेचारला तो कुटुंबासह निघाला. निघताना त्याच्या आईने गाडीला ओवाळले. दुपारी त्याचा फोन आला तेव्हा तो धुळ्याच्या पुढे होता. दिवा लागला नव्हता. तरीही नवापुरात चहाला थांबला असता चारही चाकांभोवती एकदा फिरून पाहून आलो, असे त्याने सांगितले.