रेडीमेड मिळतं की!

हे वाक्य गेल्या दोन महिन्यांत मी निदान सहा वेळा ऐकलं. त्यातल्या दोन वेळा म्हणणारी माणसं हे वाचणाऱ्यांतलीच आहेत, त्यामुळे नावं घेत नाही. दिवाळीला पुन्हा एका पंगतीला बसायचंय.

"अरे, एवढं काय चिकटवत बसलायस? रेडीमेड मिळतं की!"

मिळतं. मला माहीत आहे. धातूचं, रंगवलेलं, पारदर्शक डबीत बसवलेलं विमान ऑनलाइन मागवलं की चार दिवसांत घरी येतं. भाजणीसुद्धा रेडीमेड मिळते. पण ती विकत आणली म्हणून घरच्या सुनांना तीन पिढ्या ऐकवणारी हीच माणसं माझ्या टेबलाशी येऊन हा शोध लावतात, तेव्हा काय बोलावं ते सुचत नाही. तिथे सुचलं नाही म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी किटमधून विमानं आणि जहाजं जोडतो. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी असतात, त्यांना सुटे भाग लटकलेले असतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. माझी बहुतेक विमानं १/७२ मापाची आहेत. हे विचित्र माप आलं कुठून? सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा व्हावा म्हणून! एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५२ साली 'गोल्डन हाइंड' हे जहाज प्लास्टिकच्या साध्या पिशवीत घालून दोन शिलिंगांना विकायला काढलं. खोक्याचा खर्चही नको, पोराटोरांना परवडलं पाहिजे, हा हिशोब. म्हणजे हा प्रकार मुळात पोरांच्या खाऊच्या पैशांवर पोसलेला आहे. आता परदेशी किट इथे येईपर्यंत त्याची किंमत खाऊच्या पैशांच्या पार पलीकडे जाते, हे मला मान्य आहे. बायकोलाही मान्य आहे, जरा जास्तच मान्य आहे. :)

असो. मुद्दा माझ्या छंदाचा नाही. मुद्दा माझ्या मुलीच्या विमानाचा आहे.

मे महिन्यात आम्ही गोव्याला गेलो होतो. दाबोळीजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. गोव्याला जाणाऱ्या शंभरातले नव्वद लोक तिथे फिरकत नसावेत. बाहेर उघड्यावर विमानं मांडली आहेत, त्यांत एक सी हॉक आहे. आपल्या पहिल्या विक्रांतवरचं हे लढाऊ विमान. विक्रांत १९६१ साली नौदलात आली आणि १९७१च्या डिसेंबरमध्ये याच सी हॉकनी तिच्यावरून उडून कॉक्स बझार आणि चितगावला हल्ले केले. विक्रांत निवृत्त झाल्यावर काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तेव्हा मी ती आत जाऊन पाहिली आहे. मुलीला दाखवता आली नाही. २०१४ साली दारूखान्यात ती तोडायला घेतली. तर निदान सी हॉक तरी दाखवू, म्हणून गेलो.

मुलगी सातवीत आहे. तिने विमानाला दोन चकरा मारल्या आणि विचारलं, "बाबा, याला मागे भोक कुठेय? आग कुठून निघते?"

मी या विषयावर वीस वर्षं पुस्तकं चाळतोय, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. शेपटीकडे खरंच भोक नाही. सी हॉकचं इंजिन पोटाच्या मध्यावर आहे आणि त्याची धुराडी दुभंगून पंखांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना बाहेर पडतात. त्यामुळे शेपटीकडचा भाग मोकळा राहतो आणि तिथे इंधनाची टाकी बसते. जहाजावरून उडणाऱ्या विमानाला जास्त इंधन हवंच. हे मी तिला घाईघाईने सांगितलं खरं, पण तिला ते पटलं जूनमध्ये, जेव्हा तिने स्वतः ते जोडलं तेव्हा.

हो, तिने जोडलं. शाळेत 'आपली संरक्षण दलं' असं प्रदर्शन होतं. ती म्हणाली, मी सी हॉक करणार. मी माझ्या कपाटातलं १/७२चं खोकं काढून दिलं. (कपाटात एकूण किती खोकी आहेत हा वेगळा आणि घरगुती विषय आहे.) पुरं झाल्यावर जेमतेम साडेसोळा सेंटिमीटर पंखांचं विमान. तिने महिनाभर शनिवार-रविवार घातले.

या महिन्यात तिने काय काय केलं, हे जरा सविस्तर सांगतो.

किटचा गोंद खरं म्हणजे चिकटवत नाही, तो प्लास्टिक विरघळवतो आणि दोन्ही कडा एकमेकींत वितळून एक होतात. हे तिला कळलं ते बोटाचा ठसा पंखावर कायमचा उमटल्यावर. अगदी स्पष्ट, आधार कार्डाला चालेल असा. मग तिने दुभंगलेल्या धुराड्यांचे तुकडे हातात घेतले, पोटाच्या अर्ध्या भागात बसवून पाहिले आणि ओरडली, "म्हणून मागे जागा उरते!" पुढे विमानाची डावी-उजवी बाजू जोडून टाकली आणि नाकात वजन भरायचं राहिलं. पुढे चाक असलेल्या मॉडेलमध्ये नाकात वजन भरलं नाही, तर ते मागे शेपटीवर बसतं, मांजर बसावं तसं. सूचनापत्रात लिहिलेलं असतं. कोणीही वाचत नाही, मीही वाचलेलं नाही, माझ्याकडे अशी दोन मांजरं आहेत. तिने मात्र मला न विचारता पुढच्या चाकाच्या खळग्यातून भोक पाडलं आणि जाळ्याला लावायचे शिशाचे बारीक मणी आत सोडले. ते मी एकदा चेंदणी कोळीवाड्यातून आणून ठेवले होते. आतून मणी खुळखुळ वाजायला लागले, तेव्हा त्यावर गोंद ओतला. विमान तिन्ही चाकांवर उभं राहिलं!

शेवटी वैमानिकाच्या डोक्यावरची काच. ती तिने सुपरग्लूने लावली. सुपरग्लूच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक पांढुरकं होतं. काच धुरकटली. ती रडली नाही. म्हणाली, "धुकं आहे असं सांगीन."

तर असं ते विमान. पंखावर अंगठा, पोटावर उघडी शिवण, रंगाचे ओघळ, धुरकट काच, एक चिन्ह किंचित तिरकं. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री ते टेबलावर वाळत ठेवून ती झोपली.

आणि मी ते हातात घेतलं.

आता मी रेडीमेडवाल्यांवर तोंडसुख घ्यायला बसलोय ना, म्हणून हे आधी सांगून टाकतो. मी रात्री साडेअकरा ते पावणेतीन बसलो. अंगठ्याचा ठसा पॉलिश पेपरने घासून काढला. शिवणीत पुट्टी भरली. ओघळ काढून पुन्हा रंग दिला. तिरकं चिन्ह उचकटून माझ्याकडचं दुसरं लावलं. काच टूथपेस्टने घासून बरीचशी स्वच्छ केली. मला वाटत होतं मी मदत करतोय. खरं सांगायचं तर मला ते बघवत नव्हतं. माझ्या घरातून असं विमान शाळेत जाणार, ही माझीच अडचण होती.

सकाळी तिने बघितलं, काही बोलली नाही. डब्यात कापूस घालून घेऊन गेली.

संध्याकाळी जेवताना सहज सांगावं तसं सांगितलं. परीक्षकांनी विचारलं, "छान आहे, पण हे बाबांनी केलंय ना?" ती "हो" म्हणाली.

पहिला नंबर थर्माकोलच्या एका देखण्या रणगाड्याला मिळाला. असे रणगाडे शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात ऑर्डर देऊन मिळतात. आठ दिवस आधी सांगावं लागतं, झेंडा हवा असेल तर पैसे वेगळे. त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याच्या आईवडिलांबद्दलही फारशी नाही. दोघं नोकरीला, लोकलचे दीड-दीड तास, कोण कापत बसणार? माझी तक्रार आहे ती 'सुबकता : १० गुण' या रकान्याबद्दल. गुणपत्रकात तो खरंच होता. 'विषयाचं आकलन' असाही एक रकाना होता, पण त्यासाठी निदान एक प्रश्न विचारावा लागतो. या विमानाची आग कुठून निघते, एवढं जरी कोणी तिला विचारलं असतं तरी तिने दहा मिनिटं सोडलं नसतं. रणगाड्याच्या मालकाला, रणगाडा वळतो कसा, त्याला तर स्टिअरिंग नसतं, असं विचारायचं. त्यालाही कदाचित येत असतं! पण विचारलं कोणालाच नाही. वस्तू बघितल्या, गुण दिले, चहा घेतला.

म्हणून आता रेडीमेडवाल्यांना माझं उत्तर. तुम्ही समजता की शेवटी शोकेसमध्ये एक विमान उभं राहतं आणि त्यासाठी हा सगळा खटाटोप. तसं असेल तर तुमचंच बरोबर आहे. विकतचं विमान माझ्यापेक्षा सरस असतं, तिच्यापेक्षा तर शंभरपट. पण जोडून संपलेलं विमान हे या छंदाचं सगळ्यात कमी महत्त्वाचं अंग आहे. संपलं की त्यावर धूळच बसते. दुभंगलेली धुराडी हातात धरून "म्हणून मागे जागा उरते!" हे जे आहे, ते डबीत घालून घरपोच येत नाही.

आणि आमच्या छंदातल्या जाणत्यांनाही सोडत नाही. कोणा नवख्याने पहिलंवहिलं विमान दाखवलं की यांची पहिली प्रतिक्रिया काय? राखाडी छटा चुकली. अँटेना या मालिकेत नव्हती. पंखावरचे खिळे मोजणारी ही मंडळी, बरीचशी स्वतः कित्येक वर्षांत एकही किट पुरं न केलेली! यांची कपाटं बंद खोक्यांनी भरलेली असतात. (माझंही. कबूल.) मुलं या छंदाकडे वळत नाहीत म्हणून हेच हळहळतात, दोष मोबाइलला देतात. मोबाइल निदान "छटा चुकली" म्हणत नाही हो. तो मुलाला पुन्हा खेळू देतो, आणि आपण पहिल्याच विमानाला प्रदर्शनात उभं करून तपासतो.

शाळांना एक सुचवावंसं वाटतं. वस्तू घरून मागवूच नका. मुलांना दोन तास सभागृहात बसवा. परदेशी किट कशाला, पुठ्ठा, काड्यापेट्या, गोंद, कात्री द्या आणि सांगा, विमान करा, होडी करा, काय हवं ते करा. पालक बाहेर. मी तर गेटच्याही बाहेर. मग जे वेडंवाकडं उभं राहील ते मांडा, आणि मांडणाऱ्याला प्रश्न विचारा. सुबकतेचे दहा गुण तेवढे खोडा. त्या रकान्यापायी आम्ही बाप लोक रात्री पावणेतीनपर्यंत जागतो आणि सकाळी मुलीला तिचंच विमान ओळखू येत नाही.

यावर माझे एक मेहुणे (हे मात्र वाचतात, आणि त्यांना कळेल) म्हणाले, "तू केलंस म्हणून काय झालं? शेवटी चांगलं दिसलं ना?" दिसलं. फार चांगलं दिसलं. ते अजून शोकेसमध्ये आहे आणि मुलगी त्याच्याकडे बघत नाही. मी तिला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "ठीक आहे बाबा," आणि टीव्ही लावला. तो जो अंगठ्याचा ठसा होता ना, तो आता परत आणता येत नाही. पॉलिश पेपरने घासलेलं परत येत नाही.

गेल्या महिन्यात मी दुसरं सी हॉक आणून तिच्या टेबलावर ठेवलं. रेडीमेड नव्हे, खोकं. काही बोललो नाही. पंधरा दिवस ते तसंच पडून होतं. मग एके दिवशी त्याचं सेलोफेन फाटलेलं दिसलं. मग चौकटीतून काही भाग कापलेले दिसले, तेही नेलकटरने, म्हणजे कडा कुरतडल्यासारख्या. मी चहाचा कप घेऊन उगाच दोनदा त्या टेबलावरून गेलो. दुसऱ्यांदा जाताना तिने खोकं हाताने झाकलं.

काल रात्री खोलीतून आवाज आला, "बाबा, ते शिशाचे मणी कुठे ठेवलेत?"

मी म्हणालो, खालच्या खणात, औषधाच्या बाटलीत. आणि उठलो नाही.