खूण आधी कुणाच्या वहीत?

रत्नागिरीकडे वाटसरूने पत्ता विचारला की सांगणारा आधी त्यालाच विचारतो, "कोणाकडे जायचंय? तुम्ही कुठले?" मग तो गडग्याला टेकतो आणि सावकाश सांगू लागतो. देवळाच्या मागून पाखाडी उतरा, व्हाळ लागेल, साकव ओलांडा, वर चढलात की फणसाखालचं घर. या विचारपुशीत चौकसपणा असतो, नाही असे नाही. मुंबईहून आलेल्या मंडळींना तो नकोसा होतो. पण त्यात आणखीही एक गोष्ट असते. वाट सांगणारा माणूस ती कुणाला सांगतो आहे, हे पाहून घेत असतो. माणूस बरा वाटला नाही तर "मला नाही बा ठाऊक" म्हणून मोकळा होतो.

आता "लोकेशन टाक" एवढ्या दोन शब्दांत सगळे आटोपते. मोबाइलच्या नकाशावर बोट दाबून धरले की तांबडी खूण उमटते. तिला नाव द्या, जपून ठेवा, हवी तर दुसऱ्याला पाठवा. या सोयीची मी थट्टा करणार नाही. गणपतीला येणारा चाकरमानी रात्री दोन वाजता हातखंब्याला रस्ता चुकत नाही. वाडीत 108 ची रुग्णवाहिका बोलवायची तर चालकाला समजावून सांगण्यात जाणारी दहा मिनिटे वाचतात. 22 जुलै 2021 रोजी चिपळुणात पाणी शिरले, तशा वेळी माडीवर अडकलेला माणूस नेमका कुठल्या घरात आहे, हे आकड्यांत सांगता येणे म्हणजे काय, ते त्या शहराला सांगायला नको. 2017 पासून व्हॉट्सअॅपवर आपण चालता चालता कुठे आहोत, हेही पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास दुसऱ्याला दाखवता येते. मुलगी रात्रीच्या एसटीने निघाली की आई त्या सरकत्या ठिपक्याकडे बघत जागी असते. हे सगळे चांगलेच आहे.

माझा मुद्दा वेगळा आहे. जागेची खूण करणे, ती जपणे आणि ती वाटणे ही तीन वेगळी कामे आहेत. मोबाइलने ती एकाच बोटाखाली आणून ठेवली, म्हणून आपणही ती एकच समजू लागलो. आपल्यापुरती जपलेली खूण आपल्यालाच दिसते. खुणांची यादी दुव्याने पाठवली की ज्याच्या हाती तो दुवा पडेल त्याला ती दिसते आणि तो ती पुढे पाठवतो. नकाशात सर्वांसाठी नवी जागा नोंदवली, की ती जगाची झाली. या तीन पायऱ्यांत केवढे अंतर आहे, हे बघायचे असेल तर आमच्या सड्यांवर चला.

सडा म्हणजे काय, हे देशावरच्या वाचकांसाठी सांगतो. डोंगर चढून वर आले की जांभ्या दगडाचे उघडे माळरान लागते, तो सडा. मी बँकेत कर्जाचे काम पाहत होतो तेव्हा गहाणखतात जमिनीची चतुःसीमा लिहिलेली असे. पूर्वेस पाणंद, पश्चिमेस भावकीपैकी एकाचा हिस्सा, दक्षिणेस व्हाळ, उत्तरेस सडा. 'उत्तरेस सडा' असे आले की पुढे कुणी काही विचारीत नसे. सातबाऱ्यावर अशी जमीन 'पोटखराब' म्हणून लागते, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. तारणाची किंमत काढताना कलमांना भाव, भातखाचराला भाव, आणि पोटखराबाला जवळजवळ शून्य. हापूसच्या झाडांची मोजणी करायला सडा तुडवीत जायचो. पायाखाली काय आहे ते बघण्याचे कुणाला कारणच नव्हते.

पायाखाली हत्ती होता. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. बारसूला दोन बाजूंना दोन वाघ आणि मधे माणूस आहे. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ चौकोनी पट आहे. कुठे गेंडा आहे, आणि गेंडा आज कोकणात कुणी पाहिलेला नाही. ही कातळशिल्पे दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असावीत असा अंदाज केला जातो. ती शोधून काढण्याचे मोठे काम रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी केले. सडे पालथे घालत आणि गावोगावी गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारत त्यांनी एकेक जागा नोंदवली. आज हजारावर शिल्पे नोंदली गेली आहेत. 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या नऊ जागा गेल्या. त्यांतल्या सात रत्नागिरी जिल्ह्यातल्या, एक सिंधुदुर्गातली कुडोपीची आणि एक गोव्यातली, कुशावती नदीच्या काठची. पोटखराबाला एवढा मान जगात दुसरीकडे क्वचितच मिळाला असेल!

या शोधाची पद्धत मला महत्त्वाची वाटते. गुराख्याला ती 'चित्रे' ठाऊक होती. त्याच्या बापालाही होती. त्यांनी विचारणाऱ्याला दाखवली, कारण विचारणारा समोर उभा होता, पुन्हा पुन्हा येत होता, घोंगडीवर बसून चहा पीत होता. खूण माणसाकडून माणसाकडे गेली. नकाशावर ती आली ती त्यानंतर.

राजापूर तालुक्यातच देवाचे गोठणे म्हणून गाव आहे. तिथल्या सड्यावर एका शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भलतीच दिशा दाखवते. ज्यांना मोबाइलवर फार विश्वास आहे त्यांनी एकदा तिथे जावे. उपग्रहांवरून कळणारी तुमची जागा तिथेही बरोबर येते, त्याला चुंबकत्वाचे काही वाटत नाही. पण तोंड कुठल्या दिशेला आहे हे दाखवणारा बाण मोबाइलमधल्या होकायंत्रावर चालतो, त्यामुळे तो तिथे बावचळू शकतो. आपण कुठे आहोत हे पक्के ठाऊक आणि कुठे तोंड करून उभे आहोत याचा पत्ता नाही, अशी गत.

आता नुकसानीचे सांगतो. एका सड्यावर, गावाचे नाव मुद्दाम घेत नाही, मी दोन वर्षांच्या अंतराने दोनदा गेलो. पहिल्या खेपेला गावातल्या एका काकांनी नेले. त्यांनी चपला काढायला लावल्या. शिल्पावर पाय ठेवायचा नाही, कडेने फिरायचे. दुसऱ्या खेपेला तिथे तीन मोटारसायकली उभ्या होत्या, त्यातली एक शिल्पाच्या रेषेवरच. फोटोत उठून दिसावे म्हणून कुणीतरी खाचांत खडू भरला होता. मुले वाईट नव्हती, चांगली शिकलेली होती. कुठून आलात विचारले तर म्हणाली, "लोकेशन मिळालं काका, ग्रुपवर आलं होतं." त्यांना वाटेत गाव लागलेच नव्हते. म्हणजे लागले असणार, पण थांबायचे कारण नव्हते. चपला काढा म्हणून सांगणारे काका त्या तांबड्या खुणेत कुठेच नव्हते.

यावर काही मंडळी म्हणतात, मग जागा सांगूच नयेत. नकाशावरून काढून टाका, लपवा. मला हे पटत नाही. सड्याला खरा धोका मोटारसायकलीपेक्षा चिरेखाणीचा आहे. जांभा कापून चिरे काढायचे यंत्र लागले की काही दिवसांत सडा खड्डा होतो. तिथे गवताखाली, मातीच्या थराखाली काही कोरलेले आहे, हे खाणवाल्याला ठाऊक नसते, परवाना देणाऱ्यालाही नसते. मग रस्ता जातो, घर होते, कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे घेतले जातात. ज्या जागेची कुठेच खूण नाही ती वाचत नाही, ती निमूटपणे जाते. गुपित ठेवून काही वाचते ही समजूत माणूस त्या जागी राहत होता तोवर ठीक होती. आता गुराखीच उरलेले नाहीत. गुरे उरली नाहीत तर गुराखी कुठून येणार?

तेव्हा खूण हवीच. प्रश्न एवढाच आहे की ती आधी कुणाच्या वहीत पडावी.

अचूकपणाची तर आता काही कमतरता नाही. अक्षांश-रेखांश दशांशचिन्हानंतर सहा आकड्यांपर्यंत लिहिले तर शेवटचा आकडा साधारण वीतभरापेक्षाही कमी अंतराचा होतो. साधा मोबाइल काही तेवढा अचूक नसतो, पण उघड्या सड्यावर तो थोडक्या मीटरांत जागा सांगतो. मे 2025 मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. साऱ्या देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांचा-आकड्यांचा संकेत दिला. कशेळीच्या एका हत्तीवरच असे पंधराएक चौकोन बसतील. यापूर्वी 15 ऑगस्ट 1972 रोजी आलेला सहा आकडी पिन श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतच्या मराठी पंडिताने योजला होता. त्यात आमच्या रत्नागिरीचा 415612 आणि साताऱ्याचा 415001, पहिले तीन आकडे एकच. घाटाच्या वरचे आणि खालचे एका पिशवीत! तरी पत्र पोचत होते, कारण शेवटी पोस्टमन माणूस होता. असो.

बँकेत लॉकरला दोन चाव्या लागतात, एक ग्राहकाची आणि एक बँकेची. एकट्याच्या चावीने तो उघडत नाही. सड्यावरच्या जागेची एक चावी शोधणाऱ्याकडे असावी, दुसरी गावाकडे. आणि गावाची चावी म्हणजे गावाचे दप्तर. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' असा एक रकाना असतो. आम्ही कर्ज दिले की त्या रकान्यात बँकेचा बोजा चढत असे. पाच हजारांचे पीककर्ज असले तरी चढे. पुढे कुणी ती जमीन विकत घ्यायला आला, मोजणीला आला, परवाना मागायला आला, तर त्याला आधी तो बोजा दिसे आणि तो बँकेत चौकशीला येई. पाच हजारांसाठी आपण इतके जपतो, तर दहा हजार वर्षांसाठी एक ओळ का नसावी? 'या हिश्श्यात कातळशिल्प आहे' एवढीच. गुगलच्या नकाशावरची खूण कुणीही सुचवू शकतो, बदलू शकतो, आणि कंपनी उद्या तो नकाशा कसा चालवील ते कंपनी जाणे. शिवाय चिरेखाणीच्या परवान्याचे कागद तयार करणारा कारकून तो नकाशा उघडत नाही, तो उतारा मागतो.

यात अडचण जमीनमालकांची आहे, आणि ती खोटी नाही. कोकणात एका उताऱ्यावर वीस-पंचवीस नावे असतात, अर्धी मुंबईत, काही परदेशात, काही माणसे हयातही नाहीत. त्यांतल्या एखाद्याला वाटते, नोंद झाली की जमीन अडकली, आता ना विकता येणार ना खाण देता येणार. शिल्प निघाले म्हणून मालकाने ते झाकून टाकावे, हे त्याच्या बाजूने बघता अगदी व्यवहाराचे आहे. म्हणून नोंदीबरोबर त्याला काही मिळाले पाहिजे. बघायला येणाऱ्याकडून शुल्क, गावातल्याच एखाद्याला वाटाड्याचे काम, गाडी लावायला खाली गावात जागा. उक्षीला हत्तीच्या शिल्पाभोवती चिऱ्यांचे कुंपण झाले आहे. तिथे गेलेला माणूस गाडीने शिल्पावर जाऊ शकत नाही, बाहेर उभा राहून बघतो. नकाशावर उक्षी सापडते आणि हत्तीचेही काही बिघडत नाही. कुंपण आधी, खूण मग, हा क्रम मला पसंत आहे. बाकीच्या सड्यांवर तो बहुतेक उलटा झाला आहे.

आमच्या पुढच्या पिढीला हे सांगायला गेले की म्हाताऱ्याला मोबाइल कळत नाही असा समज होतो. मला तो बऱ्यापैकी कळतो. माझ्याही नकाशात सड्यांवरच्या चार खुणा जपलेल्या आहेत, त्यातल्या दोन यादीत कुठेच नसलेल्या. नातवाने त्या मागितल्या. त्याला म्हटले, तुला घेऊन जातो, मग वाट तुझी तू लक्षात ठेव. तो जरा खट्टू झाला, पण आला.

सुटीत गावी येणाऱ्यांपैकी कुणाला असे काही सापडले तर खूण जरूर करावी. रेंज नसली तरी मोबाइल उपग्रहांवरून जागा सांगतो, फक्त त्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवलेला बरा. मग ती खूण ग्रुपवर टाकण्याआधी सरपंचांना आणि ज्याच्या हिश्श्यात जागा आहे त्याला दाखवावी. रत्नागिरीतल्या निसर्गयात्री संस्थेसारख्या, हे काम करणाऱ्या मंडळींना कळवावे. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे साध्या कागदावर अर्ज द्यावा. त्यात सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, चतुःसीमा आणि मोबाइलमधले अक्षांश-रेखांश लिहावेत. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा तर अर्ज सप्टेंबरातच गेलेला बरा. तोवर सड्यावर गवत गुडघाभर असते, शिल्प दाखवायला गेलात तर दिसणार नाही, म्हणून फोटो जोडावेत. आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.