दोन घटिकांचा अभ्यास



आपल्या समाजातील अनेक कुटुंबे औषधांच्या व्यापारात आहेत. बिल, बॅच क्रमांक, मुदत हे सारे आपण डोळ्यांत तेल घालून तपासतो. परंतु ते औषध गुणकारी आहे हे कोणी व कसे ठरविले, हा प्रश्न गल्ल्यावर सहसा निघत नाही. आता घरातील मुली, मुले, सुना औषध कंपन्यांत काम करू लागल्या आहेत आणि नोकरी सांभाळून क्लिनिकल ट्रायल, म्हणजे औषधाची माणसांवरील शास्त्रशुद्ध चाचणी, हा विषय ऑनलाइन शिकू इच्छितात. तेव्हा वडीलधारी मंडळी दोन प्रश्न विचारतात : वेळ कोठून काढणार? आणि हे काम आपल्या धर्माला धरून आहे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

प्रथम वेळेचा हिशेब मांडू. लंडन विद्यापीठ 1858 पासून दूरस्थ विद्यार्थ्यांना पदवी देत आले आहे. तेथील स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेचा या विषयातील पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन ते पाच वर्षांत पूर्ण करता येतो. ब्रिटनमधील अशी पदवी 180 श्रेयांकांची असते. एका श्रेयांकास 10 तास धरले, तर 1800 तास होतात. आकडा मोठा वाटतो. परंतु सामायिकाच्या दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे, रोज अभ्यासाला दिल्या तर पाच वर्षांत 1460 तास जमा होतात. उरलेले 340 तास दर रविवारच्या दीड तासात सहज भरून निघतात. शुल्क मात्र पौंडांत भरावे लागते. म्हणून आरंभी प्रमाणपत्राची लहान पायरी चढून आपली चिकाटी पाहावी, हेच शहाणपणाचे.

आता धर्माचा प्रश्न. या शास्त्राचा पाया मनाच्या पक्षपातावरील अविश्वास हा आहे. कोणत्या रुग्णाला कोणते औषध मिळावे हे वैद्य ठरवीत नाही. ते यदृच्छेने ठरते. पुष्कळदा रुग्ण व वैद्य या दोघांनाही ते ठाऊक नसते. राग-द्वेष निर्णयात शिरू नयेत, यासाठीच ही योजना. भारतात 15 जून 2009 पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच चाचणीची सार्वजनिक नोंद करावी लागते. वही आधी उघडावयाची, निकाल पाहून नंतर नव्हे. नफा झाला तरी लिहावयाचा, तोटा झाला तरी. रुग्णाची संमती समजावून घ्यावी लागते, आणि ती त्याला केव्हाही परत घेता येते. सत्य आणि अचौर्य यांहून हे वेगळे काय आहे?

तरीही एक शल्य उरते. माणसांपूर्वी औषधाची परीक्षा बहुधा मुक्या प्राण्यांवर होते. ही हिंसा आहे. ती शब्दांनी झाकू नये. मात्र 2023 साली आपल्या देशाच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशींवरील व संगणकीय पर्यायी पद्धतींना स्थान मिळाले. ही वाट रुंद करावयाची तर तिचे शास्त्र जाणणारी आणि जीवदया मानणारी माणसे त्या बैठकीत असली पाहिजेत. दाराबाहेर उभे राहून हळहळल्याने एकही ससा वाचत नाही. आपण कोणते काम स्वीकारू व कोणते नाकारू, हे मात्र शिकणाऱ्याने प्रवेशापूर्वीच स्वतःशी निश्चित करावे.

राहता राहिले घर. रात्री पुस्तक उघडून बसलेल्या सूनबाईला पाहुण्यांच्या चहासाठी उठविले जाते, आणि दोन घटिका मोडतात. अभ्यास म्हणजे सामायिक नव्हे, हे खरे. परंतु सामायिकाला बसलेल्या माणसाला आपण हाक मारीत नाही. तेवढाच मान अभ्यासाला बसलेल्या माणसालाही द्यावा. शुल्क देणे सोपे आहे. ही शांतता देणे, हे घराचे खरे दान होय.